अडीअडचणीची पुंजी



आम्ही विद्वान नव्हे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत पुष्कळ झाले. पगाराच्या चिठ्ठ्या, कपातीचे हिशेब आणि सावकाराच्या वह्या वाचता वाचता जे समजले, आणि पुढे अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी लिहिलेले जे थोडेफार उमगले, तेवढेच भांडवल घेऊन आम्ही आपल्यापुढे उभे आहोत. विषय घरगुती आहे. आजारपण, अपघात, बेकारी आणि म्हातारपण यांसाठी समाजाने मिळून विमा उतरवला, तर घरातला खर्च कसा बदलतो आणि घरातली बचत कशी बदलते, एवढेच आज पाहावयाचे आहे.

हा विषय घेण्याचे कारण एक आक्षेप आहे. तो आम्ही कारखानदारांच्या तोंडून ऐकला आहे, सुशिक्षितांच्या तोंडून ऐकला आहे, आणि खरे सांगायचे तर जुन्या कामगारांच्या तोंडूनही ऐकला आहे. आक्षेप असा : 'माणसाला आजारपणात पगार दिला, म्हातारपणी पेन्शन दिले, दुष्काळात काम दिले, की तो काटकसर विसरतो. पुढे खड्डा आहे हे ठाऊक असेल तरच माणूस पैसा जपून ठेवतो. खड्डा बुजवलात तर तो उधळ्या होईल.' हा आक्षेप हसून सोडून देण्यासारखा नाही. त्यात थोडे तथ्य आहे. पण ते तथ्य किती आणि कोठपर्यंत, हे तपासल्यावाचून त्याच्या जोरावर कोणाचे संरक्षण काढून घेणे हा अन्याय होईल.

प्रथम विमा म्हणजे काय हे स्पष्ट करून घेऊ. विमा हे दान नव्हे आणि ती बचतही नव्हे. समजा, एका आळीत शंभर घरे आहेत. वर्षाकाठी त्यांपैकी पाच घरांवर साठ हजार रुपये खर्चाचे आजारपण येते. कोणत्या पाच घरांवर येणार हे कोणालाच ठाऊक नाही. प्रत्येक घराने स्वतःपुरती तजवीज करायची म्हटले, तर शंभरही घरांना साठ-साठ हजार रुपये बाजूला ठेवले पाहिजेत. तेच शंभर घरांनी एकत्र येऊन तजवीज केली, तर पाच घरांचे मिळून तीन लाख रुपये लागतात, म्हणजे घरामागे तीन हजार. साठ हजारांचे ओझे तीन हजारांवर आले. कोणी कोणावर उपकार केला नाही. फक्त एकट्याने वाहायचे ते सर्वांनी मिळून वाहिले. आता हे साधेल ते सारी घरे सामील झाली तरच. धडधाकट घरांनी अंग काढून घेतले, तर उरलेल्यांचा हप्ता त्यांना झेपणार नाही. म्हणूनच हा विमा कायद्याने सक्तीचा करावा लागतो, आणि म्हणूनच त्याला सामाजिक विमा म्हणतात.

ही कल्पना जगात प्रथम मोठ्या प्रमाणावर अमलात आली ती जर्मनीत. बिस्मार्कने १८८३ साली आजारपणाचा, १८८४ साली अपघाताचा आणि १८८९ साली म्हातारपणाचा विमा कायद्याने सुरू केला. बिस्मार्क काही कामगारांचा मित्र नव्हता. कामगार समाजवाद्यांकडे जाऊ नयेत हा त्याचा हेतू होता. पण हेतू काही असो, वाट पडली. इंग्लंडात १९११ साली विम्याचा कायदा झाला आणि १९४२ साली बेव्हरिजसाहेबांचा प्रसिद्ध अहवाल आला. आपल्याकडे प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ साली कारखान्यांतील कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा सरकारला सादर केला. त्यातून १९४८ चा राज्य कामगार विम्याचा, म्हणजे आपण ज्याला ई.एस.आय. म्हणतो त्याचा, कायदा निघाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे ही योजना सुरू झाली, आणि आजच्या महाराष्ट्रापुरते बोलायचे तर १९५४ साली नागपूर व मुंबई येथे आली. प्रॉव्हिडंट फंडाचा कायदाही १९५२ चाच.

आता हे छत्र नसते तेव्हा घर कसे चालते ते पाहू. त्यासाठी लांब जावयास नको, आपले पंढरपूर पुरे आहे. आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या चार वाऱ्यांवर या गावाच्या मोठ्या भागाची चूल पेटते. कुंकू-बुक्क्याचे दुकान, तुळशीच्या माळा, चुरमुरे-बत्तासे, टाळ-चिपळ्या, खोल्या भाड्याने देणारे घर, रिक्षा, होडी, खाणावळ, या साऱ्यांच्या हातात पैसा येतो तो वारीच्या दिवसांत, आणि तो पुरवायचा असतो पुढच्या वारीपर्यंत. असे घर पैसा कसा ठेवते? थोडा डाळीच्या डब्यात, थोडा भिशीत, थोडा पिग्मीवाल्याकडे, जमले तर सोन्याचा एखादा मणी. आसपासच्या खेड्यांतला शेतकरी म्हैस घेतो. आपली लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस दूध तर देतेच, पण अडचण आली की बाजारात उभी करता येते. ती त्या घराची चालती-बोलती बँकच आहे.

तेव्हा गरीब माणूस बचत करीत नाही हे साफ खोटे आहे. गरीब माणूस फार बचत करतो. पण ती भीतीची बचत असते. उद्या काय होईल या धास्तीने बाजूला ठेवलेला तो पैसा असतो. आणि या भीतीच्या बचतीत तीन मोठी वैगुण्ये आहेत.

पहिले असे की, तो पैसा सदा हाताशी लागतो. कधी गरज पडेल याचा नेम नाही, म्हणून तो विहिरीत घालता येत नाही, शिवणयंत्रात घालता येत नाही, मुलाला तंत्रशिक्षणाला पाठवण्यात गुंतवता येत नाही. तो वाढत नाही, नुसता पडून राहतो, आणि महागाई त्याला कुरतडत असते.

दुसरे असे की, तो पैसा पोटाला चिमटा काढून साठवलेला असतो. दूध घरात न ठेवता विकले जाते. बाईचे दुखणे अंगावर काढले जाते. घरी चार पैसे असूनही डॉक्टरकडे जायचे नाही, कारण पुढे याहून मोठे दुखणे आले तर काय, ही चिंता! म्हणजे मोठ्या आजाराच्या भीतीने लहान आजार वाढू द्यायचा आणि शेवटी तोच मोठा करून घ्यायचा, असा हा फेरा आहे.

तिसरे वैगुण्य सर्वांत घातक. ही बचत नेमकी सर्वांना एकदम गरज पडते तेव्हा दगा देते. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना हे सांगावे लागत नाही. चारा नाही, पाणी नाही, म्हणून सारा गाव एकाच वेळी जनावरे बाजारात आणतो. सारेच विकणारे आणि घेणारा कोणी नाही. मग चालती-बोलती बँक मातीमोलाने जाते. पाऊस पडल्यावर पेरणीला बैल हवा, तेव्हा सारेच घेणारे, आणि किंमत दुप्पट-तिप्पट सांगितली जाते.

ही केवळ म्हाताऱ्या माणसांची आठवण नाही. आपल्या शेजारच्या मोहोळ तालुक्यातील शिरापूर हे गाव जगातल्या अर्थशास्त्रज्ञांना ठाऊक आहे, हे आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटेल. हैदराबादजवळ कोरडवाहू शेतीचे संशोधन करणारी 'इक्रिसॅट' ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिने १९७५ पासून काही गावांत घराघराचा जमाखर्च वर्षानुवर्षे टिपून ठेवला. त्यांत आपल्या जिल्ह्यातले शिरापूर, अकोला जिल्ह्यातले कान्झरा आणि तेलंगणातले औरेपल्ली ही गावे होती. त्या वह्यांवरून रॉबर्ट टाउनसेंड या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९९४ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्याला असे दिसले की, एका घराचे उत्पन्न बुडाले तरी त्या घराचे खाणेपिणे तेवढ्या प्रमाणात बुडत नाही. उसनवार, नातेवाईक, शेजार यांच्या आधाराने ते बरेचसे सावरते. पण ही सावरासावर पुरी नाही, आणि भूमिहीनांच्या बाबतीत तर ती अधिक अपुरी आहे. शिवाय सारा गावच बुडाला तर गावाने गावाला काय द्यावे? त्याच वह्यांचा आधार घेऊन रोझेनझ्वाइग आणि वोल्पिन या दोघांनी १९९३ साली दाखवले की, वाईट वर्षी शेतकरी बैल विकून खातो, आणि त्यामुळे त्याच्याकडे शेतीला फायदेशीर ठरतील त्यापेक्षा कमी बैल राहतात. म्हणजे भीतीची बचत मोडून आजचे पोट भरले, पण उद्याचे पीक त्या पोटात गेले.

आता विमा आल्यावर काय होते ते पाहू. शिरापूर आणि कान्झरा ही महाराष्ट्रातली गावे, औरेपल्ली महाराष्ट्राबाहेरचे. महाराष्ट्रात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली रोजगार हमी योजना होती. १९७२ च्या दुष्काळात ती फोफावली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. औरेपल्लीत त्या काळी असे काही नव्हते. अभ्यासकांनी या गावांतल्या भूमिहीन मजुरांची तुलना केली, तेव्हा आढळले की शिरापूर-कान्झऱ्याच्या मजुरांच्या उत्पन्नातला चढउतार औरेपल्लीच्या मानाने जवळजवळ निम्मा आहे. गटार-रस्त्याच्या कामावरची ती मजुरी फार नव्हती. पण मागितले तर काम मिळेल ही खात्री होती. जोखमीची गोष्ट करायची की नाही, मुलाला शाळेतून काढायचे की नाही, शेळी विकायची की राखायची, हे निर्णय मजुरीच्या आकड्यापेक्षा या खात्रीवर अवलंबून असतात.

आणि या योजनेचा हप्ता कोण भरत होता? शहरातला पगारदार भरत होता. १९७५ साली महाराष्ट्रात व्यवसायकर बसला, तो या योजनेसाठी. त्याच्या जोडीला इतर काही कर होते आणि जमेल तेवढीच रक्कम सरकार आपल्याकडून घालीत असे. आपल्या पगारातून व्यवसायकर कापला जातो तेव्हा आपण कुरकुरतो. पण सोलापूरच्या गिरणीतल्या साच्यावर उभा असलेला कामगार सांगोल्याच्या खडी फोडणाऱ्या बाईचा विमा उतरवीत होता. यापेक्षा चांगला बंधुभाव कायद्याच्या पुस्तकात आम्हाला तरी दिसलेला नाही.

आता पगारदार कामगाराचा हिशेब घेऊ. महिना पंधरा हजार पगाराचा माणूस धरा. ई.एस.आय.साठी १ जुलै २०१९ पासून कामगाराचा वाटा शेकडा पाऊण आणि मालकाचा सव्वातीन. म्हणजे कामगाराच्या पगारातून ११२ रुपये ५० पैसे जातात, मालक ४८७ रुपये ५० पैसे भरतो. प्रॉव्हिडंट फंडाला शेकडा १२ प्रमाणे १,८०० रुपये. दोन्ही मिळून कामगाराच्या हातातून १,९१२ रुपये ५० पैसे जातात. रक्कम लहान नाही. बायको विचारते, 'एवढे कापून घेतात, त्याचे होते काय?' प्रश्न रास्त आहे. आता दुसरी बाजू पाहा. हाच माणूस विम्यावाचून आजारी पडला, दोन महिने घरी बसला, आणि त्याने सावकाराकडून पन्नास हजार रुपये महिना शेकडा पाच दराने घेतले, तर नुसते व्याज महिना अडीच हजार रुपये होते. मुद्दल तसेच उभे! म्हणजे विमा आणि फंड मिळून जी कपात होते तिच्यापेक्षा एका दुखण्याचे व्याज अधिक. फंडाचा पैसा तरी त्याचाच राहतो, व्याजाचा गेला तो गेला. उलट, ई.एस.आय.चा कामगार हप्त्याच्या अटी पुऱ्या करीत असेल, तर औषधपाणी मिळून शिवाय वर्षात ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या शेकडा ७० भत्ता त्याला मिळतो. रोज पाचशे धरले तर साडेतीनशे रुपये. तेवढ्यावर चूल पेटत राहते आणि सावकाराची पायरी चढावी लागत नाही.

आमच्या पाहण्यात असे आले आहे की, ज्या घराला ही खात्री पटते त्या घराचा खर्च दोन-तीन बाबतींत बदलतो. दुखणे लवकर दाखवले जाते. मुलांची शाळा, विशेषतः मुलींची, अर्ध्यावर सुटण्याचे प्रमाण कमी होते. आणि बचत थांबत नाही, तिचे रूप बदलते. डब्यातला पैसा जागेच्या हप्त्याला लागतो, शिवणयंत्राला लागतो, मुलाच्या फीला लागतो. भीतीची बचत कमी होऊन आशेची बचत सुरू होते.

याचे डोळ्यांना दिसणारे उदाहरण सोलापूरला आहे. विडी वळणारी बाई घरी बसून काम करते. तिला कामगार म्हणायचे की नाही यावरच वर्षानुवर्षे वाद चालला. १९६६ साली विडी कामगारांचा कायदा झाला, १९७६ साली कल्याण निधीचा कायदा झाला, १९७७ मध्ये विडी धंद्याला प्रॉव्हिडंट फंड लागू झाला. कारखानदार न्यायालयात गेले, आणि १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, घरी बसून विड्या वळणारी बाईसुद्धा फंडाची हक्कदार आहे. ज्या बाईची कमाई हजार विड्यांच्या हिशेबाने रोजच्या रोज संपत होती, तिच्या नावावर प्रथमच एक रक्कम साठू लागली. तिच्या हाती कामगार म्हणून ओळखपत्र आले. पुढे कुंभारीच्या माळावर कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ साली तेथल्या घरांच्या किल्ल्या बायांच्या हाती पडल्या. घराच्या किमतीत केंद्राचा, राज्याचा आणि त्या बायांचा स्वतःचा असा तिघांचा वाटा होता. जी बाई आयुष्यभर भाड्याच्या खोलीत तंबाखूच्या वासात राहिली तिने स्वतःच्या वाट्याचे पैसे उभे केले. काटकसर विसरली म्हणून नव्हे, तर काटकसरीला काही फळ येईल असे तिला प्रथमच दिसले म्हणून.

आता आक्षेपकांची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. अमेरिकेत मार्टिन फेल्डस्टीन या अर्थशास्त्रज्ञाने १९७४ साली असे मांडले की, सरकारी पेन्शनमुळे लोक स्वतःची बचत कमी करतात. तैवानमध्ये १९९५ साली साऱ्या लोकांना आरोग्य विमा लागू झाला, आणि नंतरच्या अभ्यासात आढळले की घरांची बचत कमी झाली व खर्च वाढला. हे आम्ही लपवीत नाही. पण यात वाईट काय झाले? जो पैसा दुखण्याच्या धास्तीने अडकून पडला होता तो मोकळा झाला, अन्नवस्त्राला आणि शिक्षणाला लागला. दुकानदारांनो, तो तुमच्याच गल्ल्यात आला! वारीच्या गावाला तर हे लगेच समजावे. ज्या माणसाला घरच्या आजाराची धास्ती आहे तो वारीला येऊन जपून खर्च करतो. ज्याचे घर सुरक्षित आहे तो मोकळ्या हाताने घेतो.

शिवाय दुसऱ्या बाजूचाही पुरावा आहे. अमेरिकेतच १९६५ साली जॉर्ज कटोना आणि फिलिप केगन या दोघांनी वेगवेगळ्या पाहण्या करून दाखवले की, ज्यांना नोकरीत पेन्शनची सोय होती त्यांनी ती नसलेल्यांपेक्षा स्वतःची बचत कमी केली नव्हती, उलट काही अधिकच केली होती. याचे कारण मनुष्यस्वभावात आहे. म्हातारपणाची पुरी तजवीज एकट्याने करायची म्हटले तर ती डोंगराएवढी वाटते आणि माणूस हात टेकतो. निम्मी वाट दुसऱ्याने करून दिली, की उरलेली निम्मी आपल्याला जमेल असे त्याला वाटू लागते. वारीत वेळापूरजवळ आले की वारकरी धावा करतात, हे आपण सारे जाणतो. अठरा-वीस दिवस चालून पाय थकलेले असतात, पण पंढरी जवळ आली या भावनेने तेच पाय धावू लागतात. बचतीचेही तसेच आहे. मुक्काम दिसू लागला की माणूस पाय उचलतो.

फंडाचा पैसा पुष्कळदा मुलीच्या लग्नात जातो, हेही खरे आहे. मांडवात दोन दिवसांत वीस वर्षांची कपात उडते आणि म्हातारपण उघडे पडते. पण हा दोष विम्याचा नसून आपल्या चालीरीतींचा आहे, आणि तो दूर करण्याचे काम कायद्याचे नाही, आपले आहे. युनियननेही सभासदांना हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

आता या साऱ्या गोष्टीतला कळीचा मुद्दा सांगतो. विम्याने घरची वागणूक बदलते ती विमा कागदावर असल्यामुळे बदलत नाही, तो वेळेवर मिळेल या विश्वासामुळे बदलते. विश्वास नसेल तर घर दुहेरी भुर्दंड भरते. कपातही सोसते आणि डब्यात भीतीचा पैसाही ठेवते. ई.एस.आय.चा आजारपणाचा भत्ता मिळायला सहा महिन्यांच्या हप्त्याच्या काळात किमान ७८ दिवसांचा हप्ता भरलेला असावा लागतो. ठेकेदार माणसाला मध्येच कमी करतो, नाव बदलून पुन्हा घेतो, आणि ७८ दिवस कधी भरतच नाहीत. एका ठेकेदाराकडील कामगार आमच्याकडे आले होते. त्यांच्या पगारातून फंडाची कपात दर महिन्याला होत होती, पण भरणा झालेलाच नव्हता. त्या घरांना कोणत्या तोंडाने सांगावे की विम्यावर विश्वास ठेवा? त्यांनी पुन्हा डबा जवळ केला, आणि शहाणपणा केला. पेन्शनचेही तसेच. १९९५ च्या पेन्शन योजनेत २०१४ साली किमान पेन्शन महिना एक हजार रुपये ठरले. महागाईशी न जोडलेला आकडा दर वर्षी लहान होत जातो. अशा पेन्शनच्या भरवशावर कोणी आपली म्हैस विकणार नाही. आजारपणाच्या योजनांत इस्पितळातली शस्त्रक्रिया फुकट होते. आपला सोलापूर जिल्हा तर २०१२ साली, आज जिला महात्मा फुले यांचे नाव आहे त्या जीवनदायी योजनेच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत होता. हा मोठा आधार आहे. परंतु मधुमेहाची, रक्तदाबाची रोजची गोळी घरच्या पैशातूनच येते, आणि घर पोखरते ते या रोजच्या गोळीने.

शेवटी पंढरपूरच्याच प्रश्नाकडे येतो. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे विठ्ठलाचे दर्शन बंद झाले ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. त्या वर्षीची आणि पुढच्या वर्षीची आषाढी वारी पायी झाली नाही. पादुका मोटारीतून आल्या आणि गाव रिकामे राहिले. ज्यांचा फंड होता त्या कामगारांना त्या वेळी फंडातून खास रक्कम उचलता आली. ज्यांचा नव्हता त्यांनी सोने गहाण टाकले, भिशी मोडली, पिग्मी काढून घेतली. शेजाऱ्याने शेजाऱ्याकडे मागावे तर दोघांचेही दुकान बंद! शिरापूरच्या वह्यांनी जे शिकवले तेच येथे खरे ठरले : सारा गाव एकदम बुडतो तेव्हा गावाबाहेरचा, अधिक मोठा आधार लागतो.

यावर उपाय नाही काय? आहे, आणि तो आपल्याच राज्यात सापडलेला आहे. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कामगारांचा कायदा केला. हमालाला एक मालक नसतो, आज या दुकानी तर उद्या त्या दुकानी. मग त्याचा विमा कोणी उतरवायचा? अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून उत्तर निघाले : मंडळ स्थापन करा. माल ज्याचा उचलला जाईल त्याने मजुरीबरोबर ठरावीक लेव्ही मंडळाकडे भरावी, आणि त्यातून हमालाला फंड, ग्रॅच्युइटी, रजा, औषधपाणी मिळावे. मालक बदलला तरी हक्क बदलत नाही. आमचे म्हणणे असे की, वारीवर जगणाऱ्या गावातल्या खाणावळीच्या पोऱ्यापासून लॉजमधल्या झाडूवालीपर्यंत साऱ्यांसाठी याच धर्तीचे मंडळ का होऊ नये?

आणि जे स्वतःच मालक व स्वतःच मजूर आहेत, त्या माळा विकणाऱ्या बाईसाठी व रिक्षावाल्यासाठी हप्ता त्यांच्या मिळकतीच्या पंचांगाप्रमाणे घ्यावा. दर महिन्याच्या ठरावीक तारखेला हप्ता मागणे हे पगारदाराचे पंचांग झाले. भाद्रपदात हप्ता चुकतो, योजना बंद पडते, आणि लोक बेफिकीर आहेत असा शेरा मारला जातो! अटल पेन्शन योजनेत २०१५ पासून सहामाही हप्त्याची सोय आहे, ती येथे आषाढी-कार्तिकीला धरून वापरावी. पिग्मीवाला रोज दारात येऊन दहा-वीस रुपये नेतो आणि लोक आनंदाने देतात, कारण तो ओळखीचा असतो व रोज वहीवर सही करतो. सरकारी विम्याने त्या पिग्मीवाल्याकडून धडा घ्यावा.

नवा सामाजिक सुरक्षा कायदा २०२० साली संसदेत झाला आणि २०२५ च्या नोव्हेंबरपासून अमलात आला. घरोघर जेवणाचे डबे पोचवणाऱ्या, मोबाइलवरून काम मिळणाऱ्या मुलांचा उल्लेख त्यात प्रथमच आला आहे. उल्लेख आला हे ठीक. पण १९४८ च्या कायद्यातून पहिला भत्ता हाती पडायला चार वर्षे लागली होती, हे आम्ही विसरत नाही. कायदा होणे आणि पैसा दारात येणे यांच्यामध्ये जे अंतर असते, ते संघटनेनेच तोडावे लागते.

तेव्हा आक्षेपाचे उत्तर थोडक्यात असे. खात्रीचा विमा मिळाला की माणूस भीतीची बचत कमी करतो, हे खरे. तो आळशी किंवा उधळ्या होतो, हे खोटे. मोकळा झालेला पैसा तो पोटाला, पोराला आणि घराला लावतो. आणि ज्याला विमा नाही, किंवा ज्याचा विमा बेभरवशाचा आहे, त्याला काटकसरीवर व्याख्यान देण्याचा अधिकार कोणालाही नाही. तो आपल्या परीने पुरेशी काटकसर करतोच आहे. त्याची भाकरी अर्धी आहे ती याच काटकसरीने.

आपण उद्या घरी पगाराची चिठ्ठी किंवा फंडाचे खाते उघडून पाहा. कपात झालेली रक्कम भरली गेली आहे की नाही, वारस म्हणून कोणाचे नाव आहे, ते तपासा. ज्यांच्या दुकानी माणसे कामाला आहेत त्यांनी त्या माणसांची नावे कोठे नोंदली आहेत ते पाहावे. एवढे जरी आजच्या श्रोत्यांनी केले तरी या व्याख्यानाचे चीज झाले असे आम्ही मानू.